चौथी पट्टी

मी एक लोखंडाची पट्टी बोलतेय. लांबीला वीतभर, रुंदीला दोन बोटं आणि मधोमध पार वाकलेली. कुणी मला भंगार म्हणेल, म्हणू दे! मी परीक्षा पास झालेली पट्टी आहे, तेव्हा थोडा भाव खाणारच.

माझा जन्म २०१७ साली डहाणूजवळच्या एका ठेकेदाराच्या शेडमध्ये झाला. तिथे लोखंडी टाक्या बनत. तलासरी तालुक्यातल्या उधव्याकडची चंद्रिका तिथे सहा वर्षं ग्राइंडर चालवत होती. दुसऱ्यांनी केलेले जोड घासून गुळगुळीत करायचे, हे तिचं काम. घासता घासता कुठला जोड भरीव आणि कुठला पोकळ, हे तिच्या हाताला कळायला लागलं. मग जेवणाच्या सुट्टीत टाकाऊ तुकडे जोडून ती स्वतःच वेल्डिंग शिकली. केवढी जिद्द ही!

वेल्डर व्हायचं तर तपासनीस साहेबांसमोर उभा जोड करून दाखवावा लागतो. पहिल्या खेपेला तिने सुरेख जोड केला. आणि मग सवयीने ग्राइंडर उचलून तो पार सपाट घासून टाकला.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, आता मी तपासू काय? वरचा थर जसा पडला तसाच दिसायला हवा. नापास!"

"पन साहेब, घासल्यावर चांगला दिसते ना?" चंद्रिका म्हणाली. बिचारीला खरंच कळेना.

सुपरवायझर प्रविणने तिला बाजूला घेतलं. "उद्या लास्ट चान्स हाय. आता एकाच्या जागी दोन जोडाच्या प्लेटा करायच्या, दोन्ही पास पायजे. नाय तर शेठ वापीवरून वेल्डर आणेल, आणि तू परत घासायला."

"करते, प्रविणभाई."

दुसऱ्या दिवशीच्या दुसऱ्या प्लेटमध्ये मी होते. तिने खालून वर थरावर थर असा काही चढवला की मला चटका बसला तरी राग आला नाही. शेवटचा थर झाला. ब्रश मारला. वरच्या टोकाला एक बारीकसा उंचवटा राहिला होता, चालण्यासारखा; पण तिचा हात निघालाच ग्राइंडरकडे. मी मनात ओरडले, नको गं! तेवढ्यात तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि घट्ट धरून ठेवले. साहेब टॉर्च घेऊन येईपर्यंत ती तशीच उभी होती.

साहेबांनी दोन्ही जोड निरखून पाहिले. "छान. आता यांच्या चार पट्ट्या कापू, त्यांना ग्राइंडिंग लागतं. चालवा बाई तुमचं मशीन, हवं तेवढं!"

चंद्रिका हसली. तिने आम्हाला असं घासलं की एक आडवा ओरखडा राहिला नाही. मग वाकवायचं मशीन. जोडावर चीर गेली की संपलं. पहिली वाकली, दुसरी, तिसरी. चौथी मी. माझी पाठ ताणली, जीव कासावीस झाला, पण जोड हलला नाही.

"पास," साहेब म्हणाले. तीन पट्ट्या त्यांनी कागदांबरोबर ठेवल्या आणि मला तिच्या हातावर ठेवलं.

घरी तिची सासू भिकी अंगणात बसली होती. म्हातारीला आता नीट दिसत नाही.

"काय आनलंस?"

"लोखंड हाय, आई. दोन तुकडं होतं, मी जोडलं."

भिकीने माझ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. परत फिरवलं. "जोड कठं हाय? मला तं नाय गवसत."

चंद्रिकाला एकदम रडूच आलं. म्हातारी घाबरली. "काय गं, माझं चुकलं काय?"

"नाय आई. तू पन पास केलंस मला."

आता २०१९ उजाडलंय. चंद्रिका वेल्डर म्हणून कामाला जाते आणि मी तिच्या घरातल्या खुंटीवर असते. कधी उधव्याकडे आलात तर घरात या. मला हातात घ्या, माझा जोड शोधा. सापडला तर मलाही सांगा, कारण मला तो अजून सापडलेला नाही.