बेडकाचा घाम

बेडकाला रोज थोडं घाबरवायचं, याचा मला पगार मिळतो. ओल्या बोटानं पाठ चोळली की तो बावरतो आणि कातडीतून दुधट घाम सोडतो. तो मी टिपून बाटलीत धुऊन घेते. त्यात पेप्टाइड असतात, म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे. ते जंतूंना भोकं पाडतात. बेडकाचं आणि माझं फारसं पटत नाही.

माझा मामा शिंपी. त्याच्या उजव्या, पायडल मारायच्या पायाला जखम झाली आणि तिच्यातले जंतू एकाही अँटिबायोटिकला भीक घालेनात. शुक्रवारी अर्धं पाऊल काढायचं ठरलं. मशीनला मोटर लावायला मामा तयार नव्हता. मोटर आपल्या चालीनं चालत नाही, म्हणायचा.

"तुझा बेडूक काय म्हणतोय?" जावयाची चौकशी करावी तसं तो रोज विचारायचा.

शेवटी डॉक्टरांच्या परवानगीनं मी जखमेतले जंतू प्रयोगशाळेत बशीत वाढवले आणि वर बेडकाच्या अर्काचा थेंब टाकला. दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती स्वच्छ गोल पडला होता. मला नाचावंसं वाटलं. मी मामाला फोटो दाखवला.

"मेले?"

"थेंबाखालचे सगळे."

"मग लाव की पायाला."

मी दुसरा फोटो दाखवला. तोच थेंब रक्तात टाकल्यावर तांबड्या पेशी फुटून नुसतं लाल पाणी झालं होतं. हे सुधारायला वर्षं लागतील, असं मी सांगितलं.

मामानं दोन्ही फोटो नीट पाहिले. "म्हणजे बेडकाच्या लेखी मी आणि जंतू एकाच माळेचे मणी."

गुरुवारी संध्याकाळी मी ती बाटली पर्समध्ये टाकली. बसस्टॉपपर्यंत गेले, परत आले आणि फ्रीजमध्ये ठेवली. मामावर माझा फार जीव आहे.

शुक्रवारी त्याला आत नेताना मी त्याचा हात धरला. हात घामानं चिंब होता.

"घाबरलास?"

"छे. उकडतंय."

तिथं एसीनं माझे दात वाजत होते. माणसाच्या घामातही जंतू मारणारं असं काहीतरी असतं. मामाला पुरेल एवढं नसतं. सवयीनं मी टिपायला रुमाल काढला आणि तसाच पर्समध्ये ठेवला. दार येईपर्यंत हात मात्र सोडला नाही.