बर्फ गुडघ्यावर होता

"काही नाही गं ताई, बरा आहे मी."

धाकट्या भावाचा तो हसरा, घोगरा आवाज अजून तिच्या कानात घर करून आहे. त्याचं रक्त लवकर गोठत नाही, एवढंच तेव्हा घरात ठाऊक होतं. ते पोटात साठत गेलं, आणि सगळे समजले, पोट बिघडलंय. संध्याकाळी तो आवाज विझला.

रक्त न गोठण्याचा तोच आजार, हिमोफिलिया, तिच्याकडून लेकाकडे आला. आता लेक कॉलेजात जातो, पण 'दुखतंय का' असं या घरात कोणी विचारत नाही. उत्तर ठरलेलंच, 'काही नाही'. आई त्याची चाल बघते, जिन्यावर आधी कुठला पाय पडतो ते बघते. त्याचे गुडघे तर तिला तोंडपाठ. म्हणून परवा तो लंगडत आला, गुडघा चोळू लागला, तशी ती बर्फ घेऊन बसली. बापाने शीर शोधून रक्त गोठवणारं इंजेक्शन दिलं. गुडघ्याला सूज नव्हती, पण सवयीच्या डोळ्यांना ती दिसलीच.

आज लेकाची मांडी पोटाशी दुमडली ती सुटेना. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली.

"रक्त गुडघ्यात नाही, कमरेच्या आतल्या स्नायूत साठलंय. कळ तिथूनच खाली उतरतेय. मांडीची नस दबली असेल तर पाय कायमचा लुळा पडेल. खरं सांग, बधिर वाटतं का?"

"काही नाही हो. आईचं तोंड बघा, आधी हिलाच सलाईन लावा."

बाई हसल्या. आई हसली नाही. ती खाटेच्या कडेला टेकली.

"तुझा मामाही असाच हसवायचा, बोक्या. शेवटच्या दिवशीसुद्धा. आणि आम्ही हसत बसलो."

बाईंनी कापसाचा बोळा मांडीवरून हलकेच फिरवला. लेक खिडकीकडे बघत राहिला.

"लागत नाहीये," तो म्हणाला. "कालपासूनच."

"मग बोलला का नाहीस रे?"

"तू कालही इतक्या मायेनं गुडघ्यावर बर्फ धरून बसली होतीस." त्याचा आवाज घोगरा झाला. "वर जांघेतही दुखत होतं, आई. फार दुखतंय."