बेसिनवरचा हात

मी न्हाणीघरातला वजनकाटा बोलतोय. बोलतोय कसला, कुरकुरतोय. स्प्रिंग पार दमलीय.

दुकानातून निघालो तेव्हा वाटलं होतं, पैलवान तोलीन. वाट्याला आला एक म्हातारा शिंपी. हत्तीला विजार शिवल्याच्या थापा मारणारा. "आणि नाडी?" कुणी विचारलंच, तर म्हणे, "ती त्यानंच बांधली, सोंडेनं!"

वर्षापूर्वी त्याचं हृदय थकलं. गोळ्यांनी सावरलं, पण तपासणीत कळलं, त्यातल्याच एका गोळीनं मूत्रपिंडं खचत चाललीत. डॉक्टरीणबाईंनी ती अर्धी केली. "बंद मात्र करायची नाही. रोज वजन करा. भराभर वाढलं तर अंगात पाणी साठतंय, लगेच फोन करा."

तेव्हापासून रोज सकाळी तो माझ्यावर, बायको वही घेऊन दारात.

"अहो, किती?"

"अठ्ठावन्न. कालचंच."

कालचंच कसलं! पठ्ठ्याचा एक हात, दारातून दिसणार नाही असा, बेसिनवर असायचा. वाढलेला भार बेसिन उचलायचं, खोटारडा मी ठरायचो. आणि ती अर्धी गोळी? ती रोज माझ्या पोटाखाली सरकायची.

नवव्या दिवशी त्याच्या पायात चप्पल जाईना.

"वजन तेच, मग हे पाय कुणाचे? तुमच्या हत्तीचे?" म्हणत तिनं फरशी पुसायला मला उचललं. खाली नऊ अर्धुकं.

ती ओल्या फरशीवरच बसली. "नऊ दिवस मी खोटं लिहीत होते?"

"अगं, मूत्रपिंडं गेली तर डायलिसिसचे हेलपाटे तुलाच. म्हटलं, तेवढी तरी वाचवू."

"आणि हृदय काय उसनं आणलंय? चढा." तो चढला, हात सवयीनं बेसिनवर. "हात काढा."

त्यानं हात काढला. माझी सुई बासष्टवर गेली. वही तशीच टाकून तिनं फोन लावला.

पाच दिवसांनी तो दवाखान्यातून परतला. गोळी बदललीय. मूत्रपिंडं पहिल्यासारखी व्हायची नाहीत, म्हणतात. उरलीत तेवढ्यावर भागवायचं. हत्तीची गोष्ट हल्ली अर्ध्यातच थांबते, धाप लागते.

रोज सकाळी तो दोन्ही हात वर करून उभा राहतो, पकडलेल्या चोरासारखा. ती आधी हात बघते, मग आकडा.

आता नवा काटा येणार आहे, चकचकीत. येऊ दे, मी माळ्यावर जाईन. मला आडवं व्हायचंच आहे. त्याला एवढंच सांगा: माणूस चढला की आकडा दाखवायची घाई करू नकोस. एक हात बेसिनवर असतो. बहुतेक वेळा दारात उभ्या असलेल्या माणसाच्या काळजीनंच.