सुरगाठ

"बाई, ती बकलं लावा. त्याबिगर लाँच हलायची न्हाई," नाथाजीमामा सुकाणूवरून म्हणाले.

संयोगिताने लाइफ जॅकेट अंगात घातलं होतं, पण पट्टे मोकळेच लोंबत होते. ती लाँचच्या बरोबर मधोमध, सायकलींना खेटून बसली होती आणि पाण्याकडे सोडून सगळीकडे बघत होती.

"असू द्या मामा. अंगात हाय की."

"अंगात असून काय उपेग? पान्यात पडलासा तर जाकीट वर राहील आन् तुमी खाली जाशीला."

समीक्षा फिस्सकन हसली. क्रांतीने तर कपाळावर हात मारून घेतला. "काय गं हे? आटपाडीच्या गाडीत दारुड्यांना बखोटीला धरून खाली उतरवतीस, आन् एका बकलाला भितीस?"

संयोगिताने लोंबणारे पट्टे मांडीखाली सरकवले. ती एसटीत कंडक्टर होती आणि क्रांती म्हणत होती त्यात खोटं काही नव्हतं. भरल्या गाडीत तिचा आवाज चढला की मागच्या बाकड्यावरची भांडणंसुद्धा थांबत. पण आता एक बकल तिच्याने लावलं जात नव्हतं. तिला भीती वाटत होती, आणि ती नुसती पाण्याची नव्हती. अंगावर पट्टा आवळला जाण्याची, गाठ बसण्याची होती. हे कुणाला सांगावं तर लोक वेड्यात काढतील, म्हणून तिने आजवर सांगितलं नव्हतं.

शेवटी मामांनीच हार मानली. "बरं, इथं माझ्यापाशी येऊन बसा. मी धरतो जाकिटाचा काठ," असं म्हणून त्यांनी एका हाताने सुकाणू आणि दुसऱ्या हाताने संयोगिताचं जॅकेट धरलं. लाँच हलली.

हा सगळा बेत क्रांतीचा. क्रांती उंब्रजच्या हायस्कुलात मास्तरीण, घरचा ऊस, नवरा फौजेत, आणि लहानपणापासून कृष्णेत पोहून दंड पिळदार झालेले. औषधांच्या दुकानात काम करणारी समीक्षा तिघींत धाकटी. रविवारी सर्व्हिस रोडवर सायकली हाणता हाणता तिघींची गट्टी जमली होती. कोयनेच्या धरणाचं पाणी डोंगरांच्या खोबणीत शिरून बसलंय, मधले डोंगर बेटांसारखे वर राहिलेत. एका बेटावर सायकल चालवायची, उतरून लाँच धरायची, पुढच्या बेटावर पुन्हा पॅडल मारायचं, असं दिवसभर. संयोगिता नाही म्हणायला तोंड उघडणार तोवर क्रांतीने सुट्टीचा अर्जसुद्धा लिहायला लावला होता. भिडेपोटी माणूस कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही.

सकाळी पहिल्या बेटावर येताना पाणी जीपगाड्या नेणाऱ्या मोठ्या तराफ्यावरून पार झालं होतं. तिथे जॅकेटचा प्रश्न आला नव्हता. आता लाँचमध्ये ती डोळे मिटून बसली आणि हरणाबाईचा, म्हणजे तिच्या आईचा, चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

हरणाबाईचं सगळं आयुष्य मेंढरांमागे गेलं. आटपाडीकडचं गवत संपलं की तांडा कृष्णाकाठाला उतरायचा. बिऱ्हाड घोड्यावर. भांडी, घोंगडी, नुकती जन्मलेली कोकरं आणि चालता न येणारी पोरं, सगळी घोड्याच्या पाठीवर बांधलेली. जनावराच्या गळ्यात दोर बांधताना धनगर नेहमी सुरगाठ मारतो. शेवट ओढला की सुटली पाहिजे, कारण जनावर कधी कुठे अडकेल याचा नेम नाही. पण पोर डुलकी लागून घसरू नये म्हणून नदी ओलांडायच्या दिवशी हरणाबाईने धाकट्या लेकाला, अर्जुनाला, घोड्यावर निरगाठ मारली होती. पक्की, दोनदा आवळून. नदीतल्या खड्ड्यात घोड्याचा पाय गेला आणि घोडा पोरासकट पाण्यात कुशीवर पडला. आई पाण्यात बुडी मारून मारून गाठ सोडवत राहिली. ओला दोर सुटतो कुठे? कुऱ्हाड घेऊन बाप पलीकडच्या काठावरून येईपर्यंत उशीर झाला होता. सहा वर्षांची संयोगिता काठावर कोकरू धरून उभी होती. आईची नखं तुटलेली तिने पाहिली होती.

त्यानंतर हरणाबाईने गाठ मारणं सोडलं. घरातला केरसुणीचा दोरसुद्धा लेक बांधते.

दुसरं बेट लहान होतं, पण चढ छातीवर येणारा. दुपारी माथ्यावर भाकरी खाल्ली. खाली चहूबाजूंनी हिरवंगार पाणी, आणि ते बघून समीक्षा फोटो काढत सुटली. संयोगिताने आपली भाकरी तशीच फडक्यात गुंडाळून ठेवली. परतायचं म्हणजे पुन्हा तेच पाणी. वारा सुटला होता.

"चला, मामा वाट बघत असतील," म्हणत क्रांतीने उतारावर सायकल सोडली. वळणावर मुरूम होता. सायकल सटकली तशी क्रांती दगडावर आपटली, आणि दोघी धावत पोचल्या तेव्हा तिचा उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता.

नाथाजीमामा आणि काठावरच्या दोन माणसांनी तिला एका फळीवर घालून लाँचपर्यंत आणलं. फळी दोन बाकांवर आडवी ठेवली. तोवर पाण्यावर पांढऱ्या लाटा दिसायला लागल्या होत्या. मामांनी आभाळाकडे पाहिलं.

"थांबलो तर पलीकडचा शेवटचा तराफा चुकंल, मग सकाळशिवाय न्हाई. पायाला सूज चढाया लागलीया. निघू या. पन हिला फळीला बांधायला लागंल. लाटंला घरंगळली तर पायाचं वाटोळं हुईल."

मामांना सुकाणू सोडता येत नव्हतं आणि ती दोन माणसं पाण्यात उतरून लाँच धरून होती. आत येणारं पाणी डब्याने बाहेर फेकण्याचं काम समीक्षाकडे आलं होतं. राहिली संयोगिता.

तिने डोक्याची ओढणी सोडली. ती लांब होती, पुरली असती. पण हात फळीखालून पुढे जाईना.

"बांधू नगंस," क्रांती हळूच म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला होता. "संयोगिता, मला पवता येतंय. बांधल्यावर कोण पवतंय गं? उलटली लाँच, तर मी फळीसंगट जाईन."

हेच वाक्य संयोगिताच्या मनात इतकी वर्षं फिरत होतं. फक्त अर्जुनाला बोलता येत नव्हतं.

"ऐक," ती म्हणाली. "माझा भाऊ असाच गेला. घोड्यावर बांधला होता आईनं. गाठ सुटली न्हाई. म्हून मी बकल लावत न्हाई. मला लय भ्या वाटतंय, आत्ता पन. पर तुला मी सुरगाठ मारते. शेवट माझ्या मुठीत राहील. लाँच कलली की ओढते."

क्रांतीने तिचं मनगट धरलं. मग म्हणाली, "आन् तूच पडलीस तर? शेवट कोन ओढणार?"

लाँच काठाला आपटत होती. मामांनी इंजिनाचा दोर ओढला. संयोगिताने क्रांतीच्या छातीवरून ओढणी घेतली, फळीखालून काढली आणि वर सुरगाठ मारली. बाप जनावरांना मारायचा तशीच. शेवट डाव्या मुठीला वेढला. मग उजव्या हाताने स्वतःच्या जॅकेटची बकलं एकामागून एक लावली. प्रत्येक खटका तिने मोजला.

मध्यावर आल्यावर इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

लाँच आडवी फिरली. लाटेने एक बाजू उचलली, सायकली धडाधड एकमेकींवर कोसळल्या, समीक्षाने किंकाळी फोडली. फळी बाकावरून सरकली. संयोगिताची मूठ आपोआप ओढायला निघाली. आत्ता ओढ, आत्ता ओढ, नाहीतर उशीर होईल. पण ओढली असती तर क्रांती मोडक्या पायानिशी पाण्यात घरंगळली असती. आणि नाही ओढली आणि लाँच उलटली तर?

"ओढू?" ती ओरडली.

"न्हाई," क्रांती दातओठ खाऊन म्हणाली. "अजून न्हाई."

संयोगिता फळीवर आडवी पडली. आपल्या अंगाने तिने फळी दाबून धरली आणि मुठीतला शेवट तसाच ठेवला, ना सैल ना ताणलेला. दुसरी लाट आली. पाणी तोंडावर आलं, नाकात गेलं. ती आईला हाका मारत होती हे तिला नंतर समीक्षाने सांगितलं. मामांनी तिसऱ्यांदा दोर ओढला तेव्हा इंजिन पेटलं.

काठावर तराफ्याकडे निघालेली जीप उभी होती. लोकांनी फळी उचलायला हात घातला, पण ओढणी सुटेना. गाठीचा दोष नव्हता, संयोगिताची मूठच उघडत नव्हती. नाथाजीमामांनी तिचं एकेक बोट हळूहळू सरळ केलं. "झालं बाई, झालं," म्हणत राहिले. शेवट हलकाच ओढला गेला आणि गाठ मोकळी झाली.

क्रांतीला साताऱ्याच्या दवाखान्यात पोचवून संयोगिता कराडला घरी आली तेव्हा रात्र झाली होती. हरणाबाई चुलीपाशी बसली होती. घरात गॅस होता, पण भाकरी ती चुलीवरच करी. लेकीचे कपडे अजून दमट बघून तिने काही विचारलं नाही. पाण्याबद्दल या घरात कुणी विचारत नसे.

आज संयोगितानेच सगळं सांगितलं. फळी, लाटा, इंजिन. हरणाबाई ऐकत राहिली. तव्यावरची भाकरी करपली तरी तिला कळलं नाही.

मग तिने विचारलं, "गाठ कंची मारलीस?"

"सुरगाठ."

"सुटली?"

"सुटली, आये."

हरणाबाईने हात पुढे केला. संयोगिताने तिला दमट ओढणी दिली. म्हातारीने ती मांडीवर घेतली, चुलीपाशी ठेवलेल्या पाटाला वेढा दिला आणि सुरगाठ मारली. शेवट ओढला. गाठ सुटली. तिने ती पुन्हा मारली, पुन्हा ओढली, आणि मग पुन्हा मारली. संयोगिता करपलेली भाकरी उतरवून शेजारी बसून राहिली.