काठोकाठ भरलेला मग

मित्रांनो, मी एक जुना एनॅमलचा मग आहे. अंग पांढरं, काठ निळा, आणि कानापाशी मुलामा उडून काळा पत्रा दिसतो. मी घाबरट आहे, हेही आधीच सांगून टाकतो. पत्र्याला कसली आलीय भीती, असं तुम्ही म्हणाल. माझी हकीकत ऐका, मग म्हणा.

भट्टीतून भाजून निघालो आणि फिरत फिरत कात्वे गावाच्या बाजारात आलो. तिथे मसिकाबाईंनी मला घेतलं. खाऱ्या तळ्याच्या काठी त्यांचे मिठाचे दोन वाफे होते. वीस वर्षं मी त्यांच्याबरोबर मिठागरात जात होतो. दमून वर आल्या की त्या माझ्यातून चहा प्यायच्या आणि म्हणायच्या, "याच्यातला चहा लवकर निवत नाही." पुढे प्लास्टिकचे मग आले आणि मी कोंबड्यांना पाणी पाजायच्या कामाला लागलो. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

मग मसिकाबाईंची सून बीरा आजारी पडली. ताप नाही, खोकला नाही, आजार मनाचा. आधी पंधरा दिवस ती धड झोपलीच नाही. एकटीच मीठ ओढत सुटली, अखंड बडबडत, हसत, घरातली भांडी येणाऱ्याजाणाऱ्याला वाटत. मलाही एकाला देऊन टाकलं होतं. त्याने माझा अवतार पाहून मला परत आणून दिलं! नंतर ती भिंतीकडे तोंड करून पडली. तिची पाच वर्षांची लेक तिला हलवायची, तरी बीरा वळायची नाही. शेवटी तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. महिन्याने ती लिथियमच्या गोळ्या घेऊन घरी आली, आणि पाठोपाठ मोटारसायकलवरून दवाखान्यातली नर्स, सिस्टर अजुना आली.

सिस्टरने कोंबड्यांपुढून मलाच उचललं. "हा बरा. पडला तरी फुटायचा नाही." तिने मला राखेने घासलं, काठोकाठ भरलं आणि बीराच्या हातात दिलं.

"हात लांब कर. एवढी बारीक थरथर चालेल. पण पाणी सांडायला लागलं, उलट्या झाल्या, चाल अडखळली, तर गोळी थांबवायची आणि लगेच मला फोन करायचा. एरवी गोळी चुकवायची नाही. पाणी भरपूर प्यायचं."

"पण ही गोळी कसली आहे?" मसिकाबाईंनी विचारलं.

"हेही एक मीठच आहे, मावशी. जमिनीतूनच निघतं."

सिस्टर सहज बोलून गेली. पण जिचा जन्म मिठात गेला, तिने ते मनावर घेतलं. मीठ जास्त झालं की अंगाची काय दशा होते, ते मसिकाबाईंच्या पायांवरच्या जखमा सांगत होत्या. सिस्टर गेल्यावर त्या म्हणाल्या, "गोळीत मीठ आणि ताटातही मीठ? पोरीचं आतडं जळून जाईल." त्या दिवसापासून बीराची मासळी अळणी, घेवडाही अळणी.

"आई, घास उतरत नाही हो."

"आधी बरी हो. मग चवीचं बघू."

बीरा खरंच बरी दिसू लागली. लेकीची वेणी घालू लागली. मग ती भर उन्हात वाफ्यावर जाऊ लागली. तिची थरथर वाढली होती. ताटातलं मीठ तुटलं आणि वर घाम गळला, की हे औषध अंगाबाहेर पडत नाही, रक्तात साठतं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक? मला फक्त तिचा हात कळत होता. एका सकाळी माझ्यातलं पाणी तिच्या मांडीवर सांडलं.

मसिकाबाईंनी पाहिलं. त्यांना सिस्टरचं बोलणं आठवलं असणारच. पण फोन केला तर सुनेला पुन्हा दवाखान्यात ठेवून घेतील, ही धास्ती. शिवाय गोडं पाणी लांबून आणावं लागायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अर्धंच भरलं. पाणी सांडलं नाही. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मी भीतीने गार पडलो. ओरडायला मला तोंड आहे, पण आवाज नाही.

चौथ्या दिवशी बीराला उलट्या सुरू झाल्या. दुपारी ती झोकांड्या खात घरी आली. जीभ जड झाली होती. शेजारीण म्हणाली, "काय गं, सकाळीच दारू पिऊन आलीस का?"

"आजार उलटलाय," मसिकाबाई रडकुंडीला आल्या. त्यांनी एक जादा गोळी काढली. एका हातात मी, दुसऱ्या हातात गोळी. ती गोळी मला विंचवासारखी दिसत होती.

"थांबा, मावशी."

दारात सिस्टर उभी होती. बीरा ठरलेल्या रक्ततपासणीला आली नाही, म्हणून ती शोधत आली होती. तिने गोळी काढून घेतली, मला काठोकाठ भरलं आणि बीराच्या हातात दिलं. निम्मं पाणी जमिनीवर सांडलं.

"हे कधीपासून होतंय? जेवायला काय देता हिला?"

मसिकाबाईंनी सगळं सांगितलं. सिस्टर रस्त्याकडे धावली. मिठाचा ट्रक निघतच होता. त्यातच बीराला घातलं आणि दवाखान्यात नेलं.

अकरा दिवस मी फळीवर पालथा होतो. वाचली की गेली, कोणी सांगेना. पोर रोज विचारायची आणि मसिकाबाई रोज चुलीकडे तोंड फिरवायच्या.

बाराव्या दिवशी बीरा आली. वाळलेली, पण स्वतःच्या पायांनी चालत. मसिकाबाईंनी सिस्टरला बाजूला घेऊन विचारलं, "मीच मारणार होते ना तिला?"

"हो," सिस्टर म्हणाली. "आणि चूक माझीही आहे. गोळीला मीठ म्हणाले, पण ताटातलं तोडू नका, हे बोलले नाही. पुढच्या वेळी शंका आली की मला विचारा. मी रागावले तरी विचारा."

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी मनाच्या आजाराची गोळी घेत असेल, तर ती आपल्या मनाने वाढवू नका, तोडू नका, आणि वाईट खूण दिसली तर झाकू नका. मी अजून कामावर आहे. मसिकाबाई मला रोज काठोकाठ भरतात. बीराचा हात माझ्याकडे येतो, तेव्हा त्या आणि मी, दोघंही श्वास रोखून पाण्याकडे बघतो.