हवेत लिहिलेलं पत्र

मित्रांनो, मी एक जुनी क्रेपची पट्टी आहे. मुरगळलेल्या पायाला बांधतात ना, ती. माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे की नाही, मला खात्री नाही. पण ती एका पत्रापासून सुरू होते. मी ज्यांच्या पायाला होते, त्या आजोबांनी त्या पत्राला पाच महिने उत्तर दिलं नव्हतं.

आजोबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. त्यांचा मित्र मूळ लेखन मोठ्याने वाचायचा आणि आजोबा ऐकत ऐकत छापील कागदावरच्या चुका धरायचे. असं तीस वर्षं चाललं. आता मित्राची दृष्टी गेली होती. त्याने शेजाऱ्याकडून लिहवून घेतलं होतं, ‘आता तू वाच, मी ऐकतो. आठवड्यातून एकदा येशील का?’

आजोबांनी जन्मात कुणापुढे मोठ्याने वाचलं नव्हतं. पत्र एका पुस्तकात पडून राहिलं.

मग एका सकाळी स्टुलावरून उतरताना त्यांचा पाय आत वळला. घोटा टम्म सुजला. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, बाहेरच्या बाजूचे बंध ताणले गेलेत. सूनबाईंनी फडक्यात गुंडाळून बर्फ लावला, मला दुकानातून आणलं, बोटांपासून वर गुंडाळलं आणि पाय दोन उशांवर ठेवला.

“घट्ट झालं का, बाबा?”

“थोडं.”

“थोडं म्हणजे बोटं निळी पडेपर्यंत गप्प बसाल तुम्ही.” त्यांनी मला सोडून पुन्हा बांधलं.

काही दिवसांनी व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. “पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरं लिहा. दिवसातून दोनदा, सगळी मुळाक्षरं.” ‘ळ’ काढताना घोटा ठणकायचा, पण आजोबांनी एकही ‘ळ’ अर्धवट सोडला नाही.

सूज उतरली. दीड महिना झाला. तरी आजोबा मला सोडीनात. कुणी आलं की पाय पुढे करायचे.

“आता पट्टी ठेवलीत तर घोटा ऐतखाऊ होईल,” बाई म्हणाल्या. “एका पायावर उभं राहायला शिका.”

“अजून आठवडाभर असू द्या.”

“घोट्याला हवीय की तुम्हाला?” सूनबाईंनी विचारलं. आजोबा मला पुन्हा घट्ट करू लागले.

माझा ताण तर केव्हाच गेला होता. सारखी घसरायचे. मी तरी काय धरून ठेवणार होते?

त्या दुपारी व्यायामाला ‘क’ आलाच नाही. पाय भलतंच लिहीत होता. मी अंगावर होते म्हणून मला कळलं. ‘पाय हे निमित्त आहे. तुझ्यापुढे वाचायची भीती वाटते.’ टाचेने खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. तिसऱ्यांदा पुढे आणखी एक ओळ आली. ‘गुरुवारी येतो. चुका होतील, त्या तू धर.’

“बाबा, हा व्यायाम आहे की कुणाशी भांडण?”

“कागद दे जरा,” म्हणत ते मला उलगडू लागले.

मित्रांनो, मला फार आवळू नका, झोपताना सैल करा आणि काम झालं की सोडून द्या. आजोबांनी सोडलं तेव्हा मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी मी गॅलरीतल्या दोरीवर वाळत होते. वारा मला स्वस्थ बसू देत नव्हता. खाली आजोबा एकटेच, जपून पावलं टाकत टपालपेटीकडे निघाले होते. पत्र धरलेला त्यांचा हात पेटीच्या तोंडात गेला आणि तिथेच थांबला. मला वाटलं, आता मागे फिरतात.

मग हात बाहेर आला. रिकामा.