पानं उघडल्यावर

सून कानाए कंदांना जिवाणूंची भुकटी चोळायला लागली, तेव्हाच तोकुसाबुरो तिच्या डोक्याशी येऊन उभा राहिला. दर वसंतात जमिनीत विषारी औषध सोडायचं, वर प्लास्टिक ओढून ते कोंडायचं आणि मग लावणी करायची, एवढंच त्याला ठाऊक. तरीही गेल्या साली दोन वावरं सडली होती. घरच्या जातीच्या कोन्याकूचं, म्हणजे जपानी सुरणाचं, उरलंसुरलं बियाणं आता या एकाच तुकड्यात जाणार होतं. ते गेलं की जातच संपली.

"सापावर मुंगूस सोडलं तर डोळ्यांना दिसतं तरी! हे तुझे जिवाणू कुठायत?"

"मुळांभोवती ठाण मांडून बसतील, बाबा. मग सडीला जागाच उरणार नाही," कानाए म्हणाली. "फक्त यंदा औषध कोंडू नका. मरतील बिचारे."

"बिचारे म्हणे! सासऱ्याची एवढी काळजी केली असतीस तर!" पण औषध त्यानं कोंडलं नाही.

जुलैत छत्र्या उघडाव्यात तशी पानं उघडली. त्यानंतर वावरात पाय ठेवायचा नाही, हे तिथल्या पोरासोरांनाही कळतं. पान असं नाजूक, की विजार घासली तरी चरा पडतो आणि ओल्या चऱ्यातून सड आत शिरते. यावरून म्हाताऱ्यानं आयुष्यभर लोकांना शिव्या घातल्या होत्या.

पण त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. वारा सुटला की कुजका वास आल्याचा भास व्हायचा, आणि बांधावरून मधल्या ओळी काही दिसायच्या नाहीत. पाऊस उघडल्यावर एका पहाटे तो अंग चोरून आत शिरला. बोटांनी उकरून एक कंद पाहिला. ठणठणीत होता. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, आणि मग जातच राहिला.

ऑगस्टमध्ये वास खरोखरच आला.

हिरव्यागार वावरातून एक वाकडीतिकडी पिवळी पट्टी गेली होती. त्या पट्टीतले देठ लोळले होते. कानाएनं कडेचा एक उपटला. मुळं स्वच्छ होती, पण देठापासून कंदाच्या डोक्यापर्यंत नुसता लगदा.

"हे जमिनीतून आलेलं नाही, बाबा. वरून आलंय. कुणीतरी आत फिरलंय."

"रानडुक्कर असेल," तो बोलून गेला. मग त्याला स्वतःचीच किळस आली. "मीच गं. मीच."

"कळलं मला."

तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. ती सडलेले देठ मोजू लागली. सडलेले आजच काढले नाहीत तर बाकीचे वाचणार नव्हते. काढायला आत शिरावं लागणार होतं, आणि पानं ओलीचिंब होती.

"ऊन पडेपर्यंत थांबू," ती म्हणाली.

दुपारपर्यंत शेजारची ओळही पिवळी पडली, आणि पाऊस पुन्हा सुरू झाला.